परतीवाचूनची यात्रा

लिस्बनहून निघालेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास उतरले. लगेच वडिलांना धाडलेल्या पत्रात लांबलेला समुद्रप्रवास आहे, खलाशांची दुखणी आहेत. पण दृष्टी पाहुण्याची. १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त हा पाहुणा सापडत नाही. ‘इंग्रजाने मराठी लिहिले’ एवढ्यावर थांबणारे कौतुक म्हणूनच मला अपुरे वाटते. सासष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्यांच्या कानांत पुराणाची चाल आधीच होती. फादरांनी तीच उचलली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा सांगितली. १६१९ मध्ये ते गोव्यातच निवर्तले, मायदेशी परतलेच नाहीत. त्यांचा प्रवास मात्र त्याआधीच, ओवीत संपला होता. हे वाचताना आमच्या गोंदियाकडच्या झाडीबोलीत एखादे प्रवचन ऐकावे, असे फार वाटते.