एका ध्वनिलेखातील अनेक वाहिन्या

चलच्चित्रासह मुद्रित केलेले बोलीतील संभाषण संगणकावर संकलनास घेतल्यावर त्यातील ध्वनीचे काय होते, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याची प्रथा भाषाभ्यासकांत रूढ आहे. ती इष्ट नव्हे. उदगीरच्या बाजारात दोन माणसे बोलू लागली म्हणजे एकाचे वाक्य पुरे होण्याच्या आतच दुसऱ्याचा हुंकार पडतो. आणि मराठी, कानडी व दखनी यांचा शेजार असलेल्या लातूर जिल्ह्यात कोणी कोणत्या क्षणी भाषा पालटली, हेच पुष्कळदा संशोधनाचे मर्म असते.

अशा संभाषणासाठी प्रत्येक वक्त्यास स्वतंत्र माइक देतात व सर्व वाहिन्या एकाच वेव्ह फाइलीत साठवितात. चित्रपटक्षेत्राच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या एकदोन वाहिन्यांत तात्पुरते मिश्रण असते. एकेक माइकाचा अलग ध्वनी पुढील वाहिन्यांत असतो. संकलनाच्या सॉफ्टवेअरने पहिल्या दोन वाहिन्या स्टिरिओ म्हणून घेतल्या की उरलेल्या दृष्टीआड होतात. प्रीमिअरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वाहिन्यांची मांडणी आरंभीच ठरवावी लागते. टाइमलाइनवर ठेवून झालेल्या तुकड्यांना नंतरचा बदल सहसा लागू होत नाही.

हानी केवळ सोयीची असती तर तिची चर्चा येथे अप्रस्तुत ठरली असती. परंतु एकाच वक्त्याचा आवाज दुसऱ्या माइकापर्यंत 34 सेंटीमीटर अधिक अंतर कापून गेला तर तो सुमारे 1 मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही वाहिन्या सारख्या पातळीवर एकत्र केल्या की 500, 1500 आणि 2500 हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी परस्परांस खोडून काढतात; पातळी विषम असल्यास ते निदान क्षीण होतात. स्वरांची ओळख पटविणारे पहिले दोन फॉर्मंट याच टापूत येतात, आणि ‘ण’ व ‘न’ यांतील भेद अंशतः तिसऱ्या फॉर्मंटच्या वळणावर अवलंबून असतो. मिश्रित ध्वनी मोजून एखाद्या गावी ‘ण’ लोपल्याचा निष्कर्ष काढणारा अभ्यासक गावाची बोली मोजतो की संकलकाची बेरीज, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

मिश्रण मुळातच दोषास्पद आहे, असे मात्र नाही. ‘ख्वाडा’ या मराठी चित्रपटाच्या स्थळध्वनिमुद्रणास 62व्या राष्ट्रीय पुरस्कारांत गौरविण्यात आले. त्याच्या प्रेक्षकांपर्यंत पोचते ते मिश्रणच, आणि तीच तेथील अंतिम कृती. संशोधनात ते फार तर संपादित पाठ ठरते. लीळाचरित्राच्या पोथ्यांतील पाठभेद जुळवून एक पाठ छापल्यावर मूळ पोथ्या टाकून देणाऱ्या संपादकास कोणी क्षमा करील काय? ध्वनिलेखाच्या बाबतीत मात्र हे सर्रास घडते, व त्यास ‘फाइल स्वच्छ करणे’ असे गोंडस नाव आहे.

उपाय खर्चिक नाही. 48 किलोहर्ट्झ व 24 बिट या मापाने एक वाहिनी तासाला सुमारे 518 मेगाबाइट जागा घेते. चार वाहिन्या धरल्या तरी सोबतच्या चित्राच्या मानाने हा भार सहसा किरकोळच. मूळ फाइल अस्पर्श ठेवावी, नको ती वाहिनी पुसण्याऐवजी मूक करावी, आणि प्राटमध्ये मापनासाठी वक्त्याची स्वतःची वाहिनीच घ्यावी. कोणती वाहिनी कोणाची, याची नोंद मुद्रणाच्या दिवशीच वहीत झाली पाहिजे. महिन्याभराने दोन भावांचे आवाज नुसत्या कानाने वेगळे ओळखणे अनुभवी अभ्यासकासही जमत नाही.