दोन वर्षांचे फौजदारी न्यायशिक्षण आणि श्रेयांकांचे मोल : न्यूयॉर्कच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :
अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांवर दोन जबाबदाऱ्या आहेत. स्थानिक रोजगारासाठी मनुष्यबळ तयार करणे ही एक, आणि चार वर्षांच्या पदवीची पहिली दोन वर्षे कमी शुल्कात उपलब्ध करून देणे ही दुसरी. यांपैकी दुसरे कार्य मूळचे आहे. १९०१ साली इलिनॉय राज्यात सुरू झालेल्या जोलिएट ज्युनिअर कॉलेजचा हेतूच तो होता. फौजदारी न्याय या विषयात मात्र ही दोन्ही कार्ये एकाच वर्गात एकत्र येतात. त्यातून निर्माण होणाऱ्या संदिग्धतेची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९६७ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने गुन्हेगारी व न्यायव्यवस्थेसंबंधी अहवाल सादर केला. कायद्याची अंमलबजावणी करणारा प्रत्येक पोलीस अंतिमतः पदवीधर असावा, असे उद्दिष्ट त्यात मांडले होते. १९६८ च्या कायद्यानंतर पोलिसांच्या शिक्षणासाठी केंद्रीय अनुदान व कर्ज मिळू लागले आणि महाविद्यालयांतून या विषयाचे अभ्यासक्रम झपाट्याने वाढले. वाढीच्या या वेगात गुणवत्ता मागे पडली. १९७८ मध्ये लॉरेन्स शेरमन यांनी एका राष्ट्रीय आयोगासाठी लिहिलेल्या अहवालात अभ्यासक्रमांच्या संकुचित, तंत्रप्रधान स्वरूपावर कठोर टीका केली. पोलीस प्रशिक्षण आणि पोलिसांचे उच्च शिक्षण या भिन्न गोष्टी आहेत, हा त्या टीकेचा गाभा होय.

एक विषय, दोन पदव्या :
हा भेद आजही पदव्यांच्या नावांतून दिसून येतो. ‘असोसिएट इन आर्ट्स’ किंवा ‘असोसिएट इन सायन्स’ या पदव्या सामान्यतः पुढील शिक्षणासाठी असतात, तर ‘असोसिएट इन अप्लाइड सायन्स’ ही प्रामुख्याने नोकरीसाठी असते. तिघींना साधारणपणे ६० श्रेयांक लागतात. नवख्या विद्यार्थ्याला त्यांतील फरक सहसा उमगत नाही. तो उमगतो विद्यापीठाच्या दारात. तेथे श्रेयांक स्वीकारले जाणे आणि ते मुख्य विषयाच्या अटींत गणले जाणे यांत मोठे अंतर असते. केवळ ऐच्छिक म्हणून नोंदले गेलेले श्रेयांक गुणपत्रकात दिसतात. परंतु पदवी त्यामुळे जवळ येतेच असे नाही. २००४ ते २००९ या काळात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी अंदाजे ४३ टक्के श्रेयांक वाया गेले, असे अमेरिकेच्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने २०१७ च्या अहवालात नमूद केले. हा आकडा सर्व विषयांचा व सर्व प्रकारच्या संस्थांचा असला, तरी प्रश्नाची व्याप्ती त्यातून लक्षात येते.

न्यूयॉर्कचा प्रयोग :
न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाचे जॉन जे कॉलेज १९६४ साली पोलीस विज्ञानाचे महाविद्यालय म्हणून स्थापन झाले. २००९ मध्ये या महाविद्यालयाने विद्यापीठाच्या कम्युनिटी कॉलेजांशी ‘जस्टिस ॲकॅडमी’ नावाची भागीदारी सुरू केली. ब्राँक्स, होस्टोस यांसारख्या महाविद्यालयांत पहिली दोन वर्षे पूर्ण करणारा पात्र विद्यार्थी जॉन जेमध्ये तिसऱ्या वर्षापासून पुढे शिकू शकतो. अभ्यासक्रम दोन्ही बाजूंनी जुळवलेले असतात. या योजनेचे खरे महत्त्व असे की, श्रेयांकांचा हिशेब शेवटी न होता आरंभीच होतो. गंतव्य आधी ठरते, वाट नंतर. अर्थात तिला मर्यादाही आहे. समाजशास्त्राकडे वा अन्य महाविद्यालयाकडे वळू इच्छिणाऱ्यास या जुळणीचा पूर्ण लाभ मिळत नाही. अठराव्या वर्षी केलेली निवड अंतिम मानणारी व्यवस्था सोयीची असते. उदार असतेच असे नाही.

नोकरीचा निकष :
न्यूयॉर्क पोलीस दलात भरतीसाठी अनेक वर्षे ६० महाविद्यालयीन श्रेयांकांची अट होती. लष्करी सेवेचा पर्यायही होता. ही संख्या दोन वर्षांच्या पदवीइतकीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये मनुष्यबळाच्या तुटवड्यामुळे ती २४ वर आणण्यात आली. भरतीच्या दृष्टीने हा निर्णय समजण्याजोगा आहे. तथापि केवळ या अटीसाठी वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला आता पदवीच्या निम्म्याहून कमी वाटेवर शिक्षण सोडण्याचे कारण मिळते. १९६७ च्या उद्दिष्टापासून हे एक पाऊल मागे आहे. नोकरीच्या अटीवर उभे केलेले शिक्षण ती अट बदलताच डळमळते, हा यातील धडा होय.

निष्कर्ष :
फौजदारी न्यायाचा अभ्यास म्हणजे अटकेची कार्यपद्धती शिकणे नव्हे. राज्यसत्तेने नागरिकाच्या स्वातंत्र्यावर हात केव्हा टाकावा, याचा तो विचार आहे. तो पहिल्या दोन वर्षांतच सुरू झाला पाहिजे, कारण अनेकांचे शिक्षण तेथेच थांबते. म्हणून अशा अभ्यासक्रमाला दोन कसोट्या लावाव्यात : किती श्रेयांक मुख्य पदवीत प्रत्यक्ष गणले गेले, आणि मध्येच बाहेर पडणाऱ्याच्या हाती प्रशिक्षणापलीकडे काय लागले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि २०२१ पासूनची ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ यांमुळे श्रेयांकांची साठवण व बहुविध निर्गमन हे विषय महाराष्ट्रातील प्राध्यापकांच्याही दैनंदिन कामाचा भाग झाले आहेत. श्रेयांक साठवता येणे ही सोय आहे. ते कोठे आणि कशासाठी गणले जातील, हे प्रवेशाच्या दिवशी सांगणे ही संस्थेची जबाबदारी आहे.