व्यापारी ईमेलची मराठी : संबोधनाचा प्रश्न

मराठी पत्रलेखनाच्या परंपरेत मायन्यास विशेष महत्त्व आहे. पत्र लिहिणारा व पत्र घेणारा यांचे नाते कोणते, हे मजकुरास आरंभ होण्यापूर्वीच मायन्याने ठरत असे. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, परक्या सन्मान्य गृहस्थास ‘राजमान्य राजेश्री’ असा तो क्रम होता. हेमाडपंताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकांत अशा मायन्यांचा विचार केलेला आहे. आज ईमेलद्वारे ग्राहकांकडे जी व्यापारी पत्रे मराठीतून जातात, त्यांतील बरीचशी न वाचताच काढून टाकली जातात. याची कारणे शोधताना पाठविण्याची वेळ, चित्रे, सवलतीची रक्कम यांची चर्चा पुष्कळ होते; पत्राच्या भाषेची मात्र क्वचितच होते. वस्तुतः दोषाचे मूळ तेथेच आहे.

हा पत्रप्रकार इंग्रजीत जन्मला. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे गॅरी थर्क यांनी आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांस आपल्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी पाठविली. अशा प्रकारचे हे पहिले पत्र मानले जाते, आणि त्याविरुद्ध त्याच वेळी तक्रारीही झाल्या. पुढे हा प्रकार मराठीत आला तो भाषांतराच्या वाटेने. ‘प्रिय ग्राहक’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. इंग्रजी व्यापारी पत्रातील आरंभीचे विशेषण केवळ रूढीचे असते. त्यात जिव्हाळा अभिप्रेत नसतो. मराठीतील ‘प्रिय’ मात्र मित्रास, पत्नीस, अपत्यास लिहावयाचा शब्द आहे. त्याला लागून ‘ग्राहक’ हे नाव आले की एकाच संबोधनात अतिपरिचय आणि अनोळख अशा दोन विरोधी वृत्ती एकत्र येतात. शिवाय ‘ग्राहक’ येथे संबोधनाच्या रूपातही नाही. तो वहीतील रकान्याचा मथळा वाटतो. वाचणाऱ्यास पहिल्या दोन शब्दांतच कळून चुकते की, हे पत्र आपणास लिहिलेले नाही.

या दोषाची किंमत मोठ्या पेढीपेक्षा लहान व्यावसायिकास अधिक द्यावी लागते. रायगडाच्या पायथ्याचे पाचाड हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. राजमाता जिजाबाईंचा वाडा व समाधी येथे आहे. गडावर जाणारा प्रवासी बहुधा या गावावरूनच जातो. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठा लष्करी स्थळांच्या १२ किल्ल्यांत रायगडाचा समावेश झाला. अशा गावातील एखादे कुटुंब प्रवाशांची राहण्या-जेवण्याची सोय करीत असेल, तर नवा पाहुणा त्यास मध्यस्थ संकेतस्थळाकडून मिळतो व त्याबद्दल कमिशन द्यावे लागते. एकदा येऊन गेलेल्या पाहुण्याशी स्वतः पत्रव्यवहार ठेवणे हाच त्या कुटुंबाचा स्वतंत्र धागा होय. तो तुटला की पुन्हा मध्यस्थाकडे जाणे आले.

आता असे कुटुंब तयार साच्यातून पत्र पाठवू लागले, तर व्याकरणाचीच एक अडचण उभी राहते. इंग्रजीत रिकाम्या जागी नाव भरले की वाक्य पुरे होते. मराठीत क्रियापद कर्त्याचे लिंग सांगते. ‘आपण गेल्या वर्षी आला होता’ हे वाक्य पुरुषास चालते. तेच स्त्रीस गेले म्हणजे चुकते, कारण तेथे ‘आल्या होत्या’ हवे. यंत्रास हा भेद सहसा ठाऊक नसतो, आणि पाहुण्यांपैकी अर्धा वर्ग या चुकीने दुरावतो. नावास विभक्तिप्रत्यय जोडतानाही सामान्यरूपाचा असाच घोटाळा होतो. या अडचणीचा परिहार जुन्या पत्रभाषेतच उपलब्ध आहे. पुढील मजकूर नमुन्यादाखल रचला आहे :

‘स. न. वि. वि. गेल्या मार्गशीर्षात आपला मुक्काम पाचाडास आमच्याकडे होता. यंदा ६ जूनच्या राज्याभिषेक सोहळ्यास गडावर गर्दी राहील, म्हणून खोल्या आधी ठरवाव्या लागतील. आपले येणे असल्यास दिवस व माणसे किती, एवढे याच पत्राच्या उत्तरी कळवावे. अशी पत्रे नको असल्यास तसेही कळवावे. पुन्हा तसदी दिली जाणार नाही. कळावे.’

येथे एकही क्रियापद वाचणाऱ्याच्या लिंगाशी बांधलेले नाही. ‘मुक्काम होता’, ‘येणे असल्यास’, ‘कळवावे’ ही रूपे स्त्रीपुरुष दोघांसही सारखीच लागू पडतात. ‘कळवावे’ या विध्यर्थात विनंती आहे, तर ‘आत्ताच बुक करा’ या आज्ञार्थात घाई आहे. शिवाय पाहुणा केव्हा आला होता, याची नोंद पत्रात आहे; त्यावरून लिहिणाऱ्याने त्याची आठवण ठेवली आहे, हे दिसते.

याचा अर्थ परभाषेतील शब्द काढून टाकले म्हणजे पत्र सुधारेल, असा मात्र नव्हे. रायगडावरून चाललेल्या राज्यकारभारासाठी शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडिताने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला. त्यात लेखनवर्ग व पण्यवर्ग असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. म्हणजे पत्र आणि व्यापार या दोहोंच्या परिभाषेचा विचार तेथे झाला होता. तथापि ‘दुकान’, ‘बाजार’, ‘दलाल’, ‘हिशेब’ हे शब्द मराठीत टिकून राहिले, आणि त्यांनी मराठी व्यापाराचे काही बिघडले नाही. ‘ऑफर’, ‘बुकिंग’ या शब्दांचेही तसेच आहे. ते पाचाडच्या बोलण्यात रुळले आहेत. परके शब्द भाषा पचविते. परके नाते तिला पचत नाही.

नात्याची खरी कसोटी उत्तरात असते. अनेक व्यापारी ईमेल अशा पत्त्यावरून येतात की, तेथे उत्तर पाठविताच येत नाही. ‘कळावे’ म्हणून संपणाऱ्या पत्राच्या परंपरेत ही गोष्ट विपरीतच म्हटली पाहिजे. पत्र किती जणांनी उघडले, याची मोजदादही आता भरवशाची उरलेली नाही. ॲपलने २०२१ पासून पत्रातील चित्रे आधीच उतरवून घेण्याची सोय दिली असल्यामुळे न वाचलेले पत्रही वाचल्यासारखे दिसते. आलेले उत्तर मात्र खोटे नसते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांस एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय देण्याचे व तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवण्याचे बंधन घातले. पाचाडच्या कुटुंबास ही संख्या लागू नाही. तरी शंभर पत्रांमागे एकाने तक्रार केली तर प्रमाण १ टक्का होते, हे त्याने ध्यानी ठेवावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात संमती मागण्याची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. ही सूचना मराठीत द्यावयाची तर ती सामान्य वाचकास समजेल अशा मराठीतच असली पाहिजे.

चांगल्या भाषेने सर्व साधेल, असे नाही. खोली अस्वच्छ असेल वा जेवण बेचव असेल, तर कोणत्याही मायन्याने पाहुणा परत येणार नाही; आणि आठवड्यातून तीनदा पाठविलेले उत्तम पत्रही कंटाळवाणे होईल. परंतु ज्याचा पाहुणा समाधानाने गेला आहे, त्याचे पत्र केवळ परक्या वळणामुळे न वाचले जावे, ही हानी टाळता येण्याजोगी आहे. पाचाडच्या ओसरीवर पाहुण्याशी जसे बोलणे होते, तसेच पत्रात उतरावे, इतकीच अपेक्षा. ओसरीवर कोणी कोणास ‘प्रिय ग्राहक’ म्हणत नाही.