पाटीवरचा काळ आणि मातीतला पुरावा

शाळेची सहल वस्तुसंग्रहालयात जाते तेव्हा मुलांच्या हाती बहुधा तीन रकाने आखलेला कागद असतो: वस्तूचे नाव, काळ, सापडल्याचे ठिकाण. मुले पाटी वाचून रकाने भरतात आणि पुढच्या कपाटाकडे धावतात. ही पद्धत आम्हांला नुसती अपुरी नव्हे, तर दिशाभूल करणारी वाटते. का, ते दायमाबादच्या ब्राँझ वस्तूंवरून पाहू.

१९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबाद (जि. अहमदनगर, आताचा अहिल्यानगर) येथे झाडाचे मूळ खणताना एका रहिवाशाला चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या: बैलजोडीचा रथ व त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्यापेक्षाही जास्त! त्यांचा काळ सहसा 'उत्तर हडप्पा, इ.स.पू. २००० च्या सुमारास' असा दिला जातो.

हा काळ कळला कसा? कार्बन-१४ पद्धतीला कोळसा, धान्य, हाड असे सजीवांचे अवशेष लागतात. धातूचे वय तिने थेट काढता येत नाही. म्हणून वस्तू कोणत्या थरात, कोणत्या खापरांसोबत होती, हे पाहावे लागते. या वस्तू मात्र शास्त्रीय उत्खननात निघालेल्या नाहीत. पुढे १९७५ ते १९७९ या काळात तेथे उत्खनन करणाऱ्या एस. ए. साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळातील मानल्या. उलट डी. पी. अग्रवाल यांनी रासायनिक पृथक्करणाकडे बोट दाखवले. या वस्तूंत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत ते आढळत नाही; तेव्हा त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे. त्यावर, हडप्पा संस्कृतीच्या तांब्याच्या अनेक वस्तूंत आर्सेनिक आहेच, असे उत्तर देता येते.

दुसऱ्या रकान्यात हा वाद मावत नाही. परिणामी इतिहास म्हणजे कुणीतरी ठरवून दिलेल्या सनावळ्या, असाच मुलांचा समज होतो. विज्ञानाच्या तासाला 'पुरावा काय?' असे विचारायला शिकवायचे आणि पुढच्याच तासाला तो प्रश्न मिटवायचा, हे आम्हांला पटत नाही.

परीक्षेत काळच विचारतात आणि तासिका अपुऱ्या असतात, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण पन्नास वस्तूंऐवजी एकच घेता येईल, छायाचित्रही चालेल. मग रकाने असे आखावेत: डोळ्यांना काय दिसते? त्यावरून आपण काय अनुमान करतो? त्याला आधार कोणता? कोणता पुरावा मिळाला तर हे अनुमान सोडावे लागेल? आज महाराष्ट्रात गेंडा नाही. मग कारागिराने तो इथेच पाहिला, की ती घडण दुसरीकडून आली? हे ठरवायला काय शोधावे लागेल, याची यादी मुलांनीच करावी.

सन लक्षात राहिला नाही, तर तो पुस्तकात पुन्हा पाहता येतो. पुरावा तोलण्याची सवय मात्र वर्गातच लावावी लागते.