फासे, कपाशी आणि ‘जुगार’: एका रूपकाची चिकित्सा

१

‘शेती म्हणजे जुगार’ हे विधान वऱ्हाडात इतक्या सहजपणे केले जाते, की ते एक रूपक आहे, वस्तुस्थितीचे वर्णन नव्हे, याचाच विसर पडतो. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या, कपाशी, तूर आणि सोयाबीनवर उभ्या असलेल्या गावात मृग कोरडा गेला की हे वाक्य ऐकू येते. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत एक्का-बादशहाचे डाव रंगतात आणि सट्टापट्टी फाडली जाते, तेव्हा समर्थनासाठी पुन्हा तेच वाक्य उलटे फिरवले जाते: शेतीही जुगारच, मग हा जुगार तेवढा वाईट का? रूपकाची ही दुहेरी वाहतूक मराठी समीक्षेने फारशी तपासलेली नाही. द्यूताचा विचार आपल्याकडे नीतिबोधाच्या किंवा महाभारताच्या संदर्भात होतो; व्यसन म्हणून, म्हणजे काळात उलगडणारी प्रक्रिया म्हणून, तो क्वचितच होतो. द्यूताच्या कथनाची परंपरा या दृष्टीने पुन्हा वाचणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

या परंपरेच्या आरंभी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त उभे आहे. चौदा ऋचांच्या या अक्षसूक्तात जुगारी स्वतः बोलतो. बेहड्याच्या फळांचे फासे पटावर पडतात आणि त्यांच्या आवाजाने त्याचा निश्चय मोडतो. आता खेळायचे नाही, असे तो ठरवतो आणि फाशांची साद कानी पडताच निघतो. जिने कधी राग केला नाही त्या पत्नीला तो गमावतो. सासू द्वेष करते. आईबाप आणि भाऊ त्याला ओळखत नसल्याचे सांगतात. ऋणकरी होऊन तो रात्री इतरांच्या घरांकडे जातो. सुखी संसार दिसले की त्याला यातना होतात आणि तरीही सकाळी तो पुन्हा खेळायला बसतो.

या सूक्ताची आधुनिकता वादातीत आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत विकृत जुगाराची नोंद १९८० मध्ये प्रथम केली आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी स्थान दिले. तेथे नऊ लक्षणे दिली आहेत: तोच कैफ येण्यासाठी रक्कम वाढवत नेणे, खेळ कमी करू पाहताच अस्वस्थ होणे, सोडण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, मनात सतत खेळच घोळणे, दुःखाच्या वेळी खेळाकडे वळणे, हरलेले परत मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे, खोटे बोलणे, नाती किंवा रोजगार धोक्यात आणणे, आणि शेवटी पैशासाठी इतरांवर विसंबणे. एका वर्षात यांपैकी चार वा अधिक आढळली तर निदान होते. मोडलेला संकल्प, नात्यांचा ऱ्हास, ऋण आणि फाशांचे अखंड चिंतन ही किमान चार लक्षणे सूक्तात स्पष्ट वाचता येतात.

येथे सावधगिरीही हवी. वैदिक कवीला ‘रोग’ ही कोटी अभिप्रेत नव्हती. त्याच्यासाठी फासे ही शक्ती होती, हात नसताना हात असणाऱ्यांना नमवणारी. तथापि त्याने जे टिपले ते एका रात्रीचे पतन नव्हते, पुनरावृत्ती होती. आणि सूक्ताच्या शेवटाकडे जो उपदेश येतो तो कळीचा आहे: फासे सोड आणि शेत कस. शेतीकडे तेथे द्यूताचा पर्याय म्हणून पाहिले आहे. ‘शेती म्हणजे जुगार’ हे आजचे रूपक या मूळ विरोधालाच पुसून टाकते.

३

महाभारताने द्यूताला दोन प्रतिमाने दिली. सभापर्वात द्यूत ही घटना आहे: एक सभा, मोजके डाव आणि द्रौपदीचा अनुत्तरित प्रश्न. वनपर्वातील नलोपाख्यानात तो बाधा आहे: कली नळाच्या देहात शिरतो आणि त्याच्याकडून खेळवून घेतो. पहिल्यात दोष शकुनीच्या कपटावर जातो, दुसऱ्यात कलीवर. दोन्हींत खेळणाऱ्याचे मन कथनाच्या केंद्रातून सरकते. शिवाय नळ बरा होतो तो खेळ सोडून नव्हे, तर ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून आणि पुन्हा खेळून जिंकून. ‘विद्या कळली की सारे परत मिळेल’ हा प्रत्येक जुगाऱ्याचा भ्रम आख्यानात वर म्हणून येतो. मराठी आख्यानपरंपरेत रघुनाथपंडितांना या कथेतून भावले ते नावाप्रमाणेच स्वयंवर. नळाच्या खेळण्याचे मानस तेथे विषय झाले नाही.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त, जे देवलांमुळे मराठी रंगभूमीचे झाले, दुसऱ्या अंकातील संवाहक कर्ज चुकवून रिकाम्या देवळात मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे तेथेच डाव मांडतात आणि फाशांचा आवाज ऐकून मूर्तीला राहवत नाही. प्रसंग विनोदी आहे. पण अक्षसूक्तातील नादाचा धागा येथे पुन्हा सापडतो. ध्वनी हाच प्रलोभनाचा संकेत होतो, हे निरीक्षण दोन्ही संहितांनी स्वतंत्रपणे केले आहे. मद्याच्या बाबतीत मराठी नाटकाने १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’मधून व्यसनाची पायरी-पायरीने होणारी उतरण दाखवली. द्यूताला मात्र तितकी प्रभावी नाट्यकृती लाभली नाही; ते पौराणिक राहिले किंवा गमतीचे झाले.

४

या पार्श्वभूमीवर ‘लीळाचरित्रा’तील हरिपाळदेवाचा वृत्तांत महत्त्वाचा ठरतो. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रचलेल्या या ग्रंथाच्या ‘एकांक’ भागात चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकीकत येते. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव याच्या देहाचा चांगदेव राऊळांनी स्वीकार केला, ही महानुभाव श्रद्धा. हा हरिपाळदेव द्यूतात रमतो, हरतो आणि हरलेले द्रव्य देण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे तिचे अलंकार मागतो. ती नकार देते. त्या नकारातून त्याला विरक्ती येते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो आणि ऋद्धिपुरात गोविंदप्रभूंना भेटतो. मराठी गद्याच्या आरंभीच, कामरगावपासून फार दूर नसलेल्या ऋद्धिपूरच्या वाटेवर, एक हरलेला डाव आणि एक नाकारलेला दागिना आहे.

पंथीय वाचनात हा प्रसंग वैराग्याचे निमित्त आहे आणि चरित्रकाराचा हेतूही तोच आहे. परंतु संहिता हेतूपेक्षा अधिक बोलते. सभापर्वात पत्नी पणाला लावली जाते. येथे पत्नीकडे मागावे लागते आणि ती ‘नाही’ म्हणू शकते. द्यूत राजसभेतून माजघरात येते. निदानपुस्तिकेतील नववे लक्षण, म्हणजे नड भागवण्यासाठी जवळच्यांकडे हात पसरणे, येथे अक्षरशः घडते. आणि प्रसंगाला वळण मिळते ते त्या हाताला काही न मिळाल्यामुळे. जुगाऱ्याचे देणे कुटुंबाने पुन्हा पुन्हा फेडणे म्हणजे पुढच्या डावाला भांडवल पुरवणे होय, हा आजच्या उपचारपद्धतीचा अनुभव कमळाइसेच्या नकारात बीजरूपाने आहे.

तरीही या कथनाची मर्यादा नोंदवली पाहिजे. हरिपाळदेवाला मार्ग सापडतो, कमळाइसा मात्र कथेतून नाहीशी होते. अलंकार वाचवणाऱ्या स्त्रीचा संसार वाचला नाही. चरित्रग्रंथाला तिची पुढची हकीकत नको आहे; वाचकाने ती विचारली पाहिजे. व्यसनाच्या कथेत बरा होणारा नायक असतो, खर्च मात्र दुसऱ्याच्या नावावर पडलेला असतो.

५

विसाव्या शतकात द्यूताने जे रूप घेतले त्याचा उगम कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईत येत व त्यांवर पैजा लागत. साठच्या दशकाच्या आरंभी ही सोय संपली, तेव्हा आकडे कृत्रिमपणे काढले जाऊ लागले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी वरळीचा मटका रूढ केला. कापूस गेला, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मात्र उरले. चिन्हमीमांसेच्या भाषेत, निर्देश्य वस्तू नाहीशी होऊन निर्देश शिल्लक राहिला. ज्या मुलखाची रुई जगाच्या बाजारात जात होती, त्याच मुलखातला शेतकरी आता कापसाविना कापसाच्या भावावर पैसे लावू लागला.

मटक्याची खरी ताकद मात्र वाचनाच्या आमिषात आहे. स्वप्न, अपघात, मोटारीचा क्रमांक, गेल्या आठवड्याचा तक्ता या सर्वांना संहिता मानून तिच्यातून आकडा काढला जातो. थोडक्यात चुकलेला आकडा ‘जवळजवळ लागला’ असा वाचला जातो. हे अर्थनिर्णयनाचे अतिरेकी रूप आहे: जेथे लेखक नाही तेथे अभिप्राय शोधणे. गणित सोपे आहे. एका आकड्याला दहात एक संधी आणि परंपरेने देणे नऊपट. जोडीला शंभरात एक आणि देणे नव्वदपट. म्हणजे दीर्घकाळात शंभर रुपयांमागे दहा जाणारच, आणि कालचा आकडा आजच्या आकड्याला काहीही सांगत नाही.

६

‘जबाबदारीने खेळा’ हे वाक्यही या परंपरेत वाचले पाहिजे. मर्यादित द्यूताची कल्पना नवी नाही. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा म्हणत आणि कोजागरीला अक्षक्रीडा विहित होती, म्हणजे काळ ठरवून दिलेला होता. मनूने राजाला द्यूत बंद करण्यास सांगितले, तर कौटिल्य आणि याज्ञवल्क्य यांनी ते राज्याच्या देखरेखीखाली आणले. मर्यादा तेथे पंचांगाने वा राज्याने घातली. २००४ मध्ये मांडल्या गेलेल्या रेनो प्रतिमानानंतर जागतिक उद्योगात रूढ झालेल्या भाषेत मात्र अंतिम निवड खेळणाऱ्याची मानली गेली. भारतात डिसेंबर २०२० पासून पैशाच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींना आर्थिक जोखमीचा आणि व्यसनाचा इशारा जोडणे जाहिरात मानक परिषदेने बंधनकारक केले. २०२५ मध्ये केंद्रीय कायद्याने असे खेळ व त्यांच्या जाहिराती यांवरच बंदी आली.

त्या इशाऱ्याचे व्याकरण बोलके होते. क्रियापद आज्ञार्थी, कर्ता अध्याहृत आणि ‘जबाबदारीने’ हे क्रियाविशेषण ज्याला पेलता येत नाही त्याच्याच माथी मारलेले. ज्याचे नियंत्रण सुटले आहे त्याला नियंत्रण ठेवण्याची आज्ञा करणे म्हणजे अक्षसूक्तातील जुगाऱ्याला त्याचाच मोडलेला संकल्प परत ऐकवणे. याचा अर्थ मर्यादा निरर्थक आहेत असा नाही. रक्कम आणि वेळ आधी ठरवणे, उसने घेऊन न खेळणे, हरलेल्याचा पाठलाग न करणे ही पथ्ये ज्याला पाळता येतात त्याच्यासाठी ती खरी आहेत. ती पाळता न येणे हेच लक्षण होय. आणि त्यापुढचा उपाय पथ्याचा नसून सोबतीचा आणि उपचाराचा असतो.

७

आता मूळ रूपकाकडे परतता येईल. दुबार पेरणी आणि हरलेल्याचा पाठलाग दिसायला सारखे आहेत: दोन्हींत गेलेल्यावर आणखी लावले जाते. पण पेरणीत कोणी नऊपट देऊन दहावा हिस्सा ठेवून घेणारा बसलेला नाही. पीक ही उपयोगाची वस्तू आहे. आणि शेतकऱ्याने जोखीम हौसेने निवडलेली नाही. २००६ च्या पंतप्रधान मदत योजनेतील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वाशीम होता. शेतकरी आत्महत्येच्या चौकशीत नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा या निकषांवर प्रकरण ‘पात्र’ ठरते. मृत्यूचे कारण ‘व्यसन’ असे लिहिले गेले तर ते ‘अपात्रते’कडे झुकते. तेथे रूपक अलंकार राहत नाही, पंचनाम्यातील शब्द होतो, आणि त्या शब्दावर मागे राहिलेल्या कमळाइसेचे भवितव्य ठरते.

म्हणून दोन्ही दिशांनी भेद राखला पाहिजे. शेतकऱ्याला जुगारी म्हणणे हा त्याच्या संकटाचा अपमान आहे. जुगाऱ्याला शेतकऱ्याची ढाल देणे हा त्याच्या आजाराकडे केलेला कानाडोळा आहे. अक्षसूक्ताच्या कवीने फासे आणि नांगर वेगळे ठेवले होते. त्याचा नांगर आज कर्जात आहे हे खरे. पण म्हणून तो फासा होत नाही.