आसरा, मुंजा आणि मामो

लोककथांतील अद्भुत जीवांचे कोश अनेक भाषांत झाले आहेत. बोर्हेस या अर्जेंटिनी लेखकाने मार्गारिता गेर्रेरो यांच्या सहकार्याने १९५७ साली सिद्ध केलेला ग्रंथ त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. अशा कोशांचा पहिला प्रश्न बहुधा रूपाचा असतो. शिंगे किती, पंख आहेत की नाहीत, धड कोणाचे आणि मुख कोणाचे? महाराष्ट्रातील दुर्गांच्या दरवाजांवर कोरलेले शरभ आणि गंडभेरुंड या प्रश्नाला चोख उत्तर देतात, आणि त्यांना त्या कोशांत जागा मिळण्यास काहीच हरकत नाही. परंतु मुंजा, हडळ, जखीण, समंध, गिऱ्हा यांच्याविषयी हाच प्रश्न विचारला की उत्तर अडखळते. उलटे पाय, मोकळे केस यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. कारण मराठी माणसाने त्यांच्याविषयी रूपाचा प्रश्न मुख्य मानलेलाच नाही. त्याचा प्रश्न आहे, 'हा कोण होता?' मुंज झाली आणि लग्नाआधी मेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली, ती हडळ. ही प्राण्यांची नावे नव्हेत. अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची ती नावे आहेत.

या दृष्टीने पाहता एन्थोवन यांनी संपादिलेल्या लोकविद्येच्या टिपणांचे दोन भाग, गुजरातचा १९१४ चा आणि कोकणचा १९१५ चा, आजही वाचनीय ठरतात. मूळ सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांची. नाशिकचे कलेक्टर असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी ज्यांचा वध केला, तेच हे जॅक्सन. त्यांनी प्रश्नावली फिरविली आणि उत्तरे पाठविली ती मुख्यतः गावोगावच्या शिक्षकांनी. कित्येक तळटीपांत 'अमुक गावचा शाळामास्तर' एवढीच त्यांची ओळख उरली आहे. आपल्या व्यवसायाच्या या पूर्वसूरींचे ऋण शिक्षक-वाचकांनी अवश्य मानावे. कोकणच्या भागात भुतांची जी वर्गवारी येते, ती जातीवरून, वयावरून, विवाहित की अविवाहित यावरून आणि मृत्यूच्या प्रकारावरून. म्हणजे नात्याचे तत्त्व शिक्षकांच्या उत्तरांतून अचूक उतरले आहे. गेले आहे ते निराळेच. प्रश्न सुटे, म्हणून उत्तरेही सुटी. ज्या वाक्यात, ज्या प्रसंगी आणि ज्या सुरात आजी हे नाव घेते, ते वाक्य टिपणात नाही. वर्ग राहिला, कथा गळाली. शिवाय इंग्रजीत 'घोस्ट' या एकाच शब्दाने बारा भुतांचे काम भागवावे लागले.

शब्दांकडे थोडे अधिक बारकाईने पाहू. जखीण हे यक्षिणीचे आणि आसरा हे अप्सरेचे रूप. संस्कृत काव्यात या दोघी लावण्यवती. मराठीत मात्र एक घरातल्यांना झपाटते आणि दुसरी विहिरीत, डोहात माणूस ओढते. हा अर्थाचा ऱ्हास होय, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. अप्सरेच्या नावातच 'अप्', म्हणजे पाणी आहे. आणि अथर्ववेदातील अप्सरा अश्वत्थ-न्यग्रोधांवर राहतात, त्यांना वनस्पतीच्या बळाने हाकलून द्यावे लागते. इंद्रसभेतील नर्तकी ही नंतरची नागर सजावट. मराठी बाईने पाणवठ्यावर सात आसरांना हळदकुंकू वाहिले, तेव्हा ती कालिदासाच्याही मागे गेलेली होती. ग्रीसमध्येही असेच दिसते. प्राचीन सागरकन्या नेरीड आधुनिक ग्रीक खेड्यांत 'नेराइदा' होऊन झऱ्यापाशी माणसांना पिडते. आमच्या बाईने या आसरांना 'मावलाया' हेही नाव दिले. भीती वाटते, म्हणून आई म्हणायचे.

येथे बडोद्याच्या वाचकांस आपल्या दारातला दाखला आठवावा. गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदे कायमचे घेतले, त्यानंतर येथे मराठी वस्ती वाढली. दांडिया बाजारात घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या ओट्यावर भेटणारे गुजराती भूत म्हणजे 'मामो'. तो खीजड्यावर, म्हणजे आपल्या शमीवर राहतो. आईच्या भावाला द्यावयाचा मान भुताला देऊन गुजराती माणूस त्याला राजी राखतो. चंद्राला मामा आणि मांजरीला मावशी म्हणणाऱ्या मराठी मुलाला हे नवे वाटू नये. मात्र मराठीत शमी म्हटली की आठवतो तो दसरा आणि पांडवांची शस्त्रे. पण विराटपर्व पुन्हा उघडून पाहावे. शस्त्रे ठेवल्यावर कोणी झाडाजवळ येऊ नये म्हणून पांडवांनी त्यावर एक प्रेत बांधले आणि विचारणाऱ्यांना सांगितले, 'ही आमची एकशे ऐंशी वर्षांची माता.' झाड तेच, प्रेत आहे आणि नातेही आहे. मामोची कल्पना येथूनच निघाली असे माझे म्हणणे नाही. भयाला नात्याचे नाव देण्याची रीत किती जुनी आहे, एवढेच यावरून दिसते.

२०२४ साली 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट निघाला आणि कोकणातले हे नाव देशभर पोहोचले. अपुरी राहिलेली लग्नाची इच्छा हे मर्म चित्रपटाने राखले, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदविली पाहिजे. परंतु पडद्याला रूप हवेच. संगणकाने ते घडविले आणि विद्यार्थ्यांच्या मनात मुंजा आता एक विशिष्ट चेहऱ्याचा प्राणी झाला. पिंपळाखालून जाताना 'बिचारा, आठ वर्षांचा होता' असे जे कोणी म्हणे, त्या उद्गारातली करुणा त्या चेहऱ्यात मावत नाही.

एन्थोवन यांची विभागणी प्रांतांची होती. गुजरातच्या भागाची उत्तरे बरीचशी काठेवाडातून आलेली. मराठी भुते कोकणच्या भागात. गुजरातेत राहून मराठी बोलणारे घर त्या दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत पडते. मराठी आजीने नातवाला खीजड्याकडे बोट दाखविताना 'मामो' म्हटले की 'मामा', आणि 'मामा' म्हटले असल्यास सख्ख्या मामाचे नाव घेताना तिने काय केले, हे विचारण्यासारखे आहे. त्यासाठी प्रश्नावली नको. बसून ऐकावे आणि ऐकलेले वाक्य जसेच्या तसे, सांगणाऱ्या बाईचे वय व माहेर यांच्यासह, वहीत उतरवावे.