रीटाला दार कोणी उघडले?

‘एज्युकेटिंग रीटा’ हा १९८३ साली आलेला इंग्रजी चित्रपट आम्हा डब्लिनकरांना जरा जास्तच जवळचा वाटतो. विली रसेल यांच्या नाटकावरून तो केला. गोष्ट इंग्लंडातली, पण चित्रीकरण मात्र ट्रिनिटी कॉलेजात झाले. भारतातून आलेल्या पाहुण्यांना ‘बुक ऑफ केल्स’ दाखवण्यासाठी ज्यांनी ट्रिनिटीच्या वाऱ्या केल्या आहेत, त्यांना त्यातला दगडी चौक लगेच ओळखू येईल. केस कापून पोट भरणारी रीटा, दारूत बुडालेला इंग्रजीचा प्राध्यापक फ्रँक आणि शिकून वेगळे काही होण्याची तिची धडपड, एवढाच कथेचा जीव. ज्युली वॉल्टर्स आणि मायकेल केन यांची कामे आजही पाहावीत अशी आहेत. तेव्हा चित्रपट चांगला की वाईट, हा वाद मी घालत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. शिक्षणाने आयुष्य कसे बदलते याविषयी हा चित्रपट जे सांगतो ते अर्धेच खरे आहे, आणि आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या मंडळींना नेमके तेवढे अर्धेच फार आवडते.

या कथेचे कूळ आपल्या ओळखीचे आहे. डब्लिनमध्ये जन्मलेल्या बर्नार्ड शॉचे ‘पिग्मॅलियन’ १९१३ साली रंगभूमीवर आले. त्यावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले, आणि १९७५ पासून भक्ती बर्वे यांची मंजुळा मराठी प्रेक्षकांच्या मनात घर करून बसली. फुले विकणारी पोर, भाषेचा गर्विष्ठ पंडित आणि तिला ‘सुधारण्याची’ पैज. रीटा ही याच घराण्यातली, पण तिला कोणी पैजेसाठी उचललेले नाही. ती आपल्या पायांनी चालत येते, हे रसेल यांचे मोठे श्रेय. तरीही साचा तोच राहतो. एक गुरू, एक शिष्या आणि एक बंद खोली. त्या खोलीत जे घडते त्यालाच शिक्षण म्हणायचे.

आता एक गोष्ट पाहा. रीटा त्या खोलीत पोचली ती फ्रँकमुळे नव्हे. ती ओपन युनिव्हर्सिटीची विद्यार्थिनी आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या या मुक्त विद्यापीठाने प्रवेशासाठी आधीच्या परीक्षांची अटच ठेवली नाही. नोकरी करता करता शिकता यावे अशी रचना केली, आणि शिकवणीची व्यवस्था लावून दिली. फ्रँक तर ही शिकवणी दारूच्या खर्चासाठी पत्करतो! म्हणजे रीटासाठी दार उघडले ते एका धोरणाने, पण कॅमेरा मात्र ट्रिनिटीच्या कमानींवर आणि फ्रँकच्या पुस्तकांच्या कपाटावर रेंगाळतो. ज्या व्यवस्थेमुळे कथा शक्य झाली, ती दोनचार वाक्यांत आटोपते.

ट्रिनिटीची निवड म्हणूनच मला बोचते. १५९२ साली स्थापन झालेल्या या कॉलेजात स्त्रियांना १९०४ पर्यंत प्रवेश नव्हता. कॅथलिकांनी तेथे जाऊ नये हा त्यांच्याच धर्मगुरूंचा निर्बंध १९७० साली उठला. त्या भिंती काही कोणा प्रेमळ प्राध्यापकाच्या कृपेने खचल्या नाहीत.

मी राहतो ते क्लोनडॉकिन या चौकापासून जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. जुना गोल मनोरा, त्याभोवतीचे गाव, आणि उत्तरेला शहर वाढताना उभ्या राहिलेल्या नीलस्टाउनसारख्या वसाहती. येथली पेपर मिल १९८० च्या दशकात बंद पडली आणि तिच्याबरोबर पुष्कळ घरांची मिळकतही गेली. उच्च शिक्षणातील समान संधीसाठी सरकारने २०१५ साली जी योजना आखली, त्या वेळी पुढे आलेले आकडे बोलके होते. डब्लिन ६ या सुखवस्तू भागात कॉलेजात जाण्याचे प्रमाण ९९ टक्के, डब्लिन १७ मध्ये १५ टक्के, आणि आमच्या डब्लिन २२ मध्ये जेमतेम पाव. पदवीची फी १९९६ मध्येच माफ झाली होती! म्हणजे अडचण केवळ फीची नव्हती. घरात आधी कोणी कॉलेजात गेलेले नसले की अर्ज कोठे करायचा, कोणता विषय निवडायचा, विचारायचे तरी कोणाला, येथूनच सुरुवात असते.

त्यावरचे उपायही येथे झाले, आणि ते फ्रँकपेक्षा कितीतरी नीरस आहेत. ट्रिनिटीने १९९३ मध्ये प्रवेश-साहाय्याचा उपक्रम सुरू केला. शाळांशी संबंध जोडले, आणि पुढे विद्यापीठाआधीचा एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम आखला. ‘हिअर’ नावाच्या योजनेत उत्पन्न, शाळा, वस्ती असे निकष पाहून काही जागा थोड्या कमी गुणांवर दिल्या जातात. शालान्त परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला स्थानिक कॉलेजात वर्षभराचा अभ्यासक्रम करून त्या गुणांवर विद्यापीठात जाता येते. जवळच टालाला १९९२ मध्ये निघालेली तंत्रशिक्षण संस्था २०१९ पासून टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचा भाग आहे. तेथे प्रमाणपत्रावरून पदवीपर्यंत पायरीपायरीने चढता येते.

ही शिडी आपल्याला अनोळखी आहे काय? मुळीच नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला येणारी मुले आपल्यापैकी अनेकांच्या वर्गात होती. रयत शिक्षण संस्थेने १९१९ पासून बांधलेली वाट, ‘कमवा आणि शिका’, डॉ. आंबेडकरांनी उभारलेली मुंबईची सिद्धार्थ (१९४६) आणि औरंगाबादची मिलिंद (१९५०) ही महाविद्यालये, नाशिकचे मुक्त विद्यापीठ (१९८९), ही सगळी याच जातीची कामे. मंजुळेला एक प्रोफेसर भेटला. हजारो मंजुळांना मात्र वसतिगृह भेटले.

न्यायाने हेही सांगायला हवे की, चित्रपटाला जे दिसते ते अहवालांना दिसत नाही. फ्रँकच्या घरी जेवायचे आमंत्रण असते, आणि रीटा खिडकीबाहेरून आतली माणसे पाहून परत फिरते. इकडे पबमध्ये घरच्यांच्या गाण्यातही तिचा सूर लागत नाही. नवरा तिची पुस्तके जाळतो. ना इकडची, ना तिकडची, ही अवस्था जागा राखून संपत नाही. दार उघडल्यावर आत कोणी ‘ये, बस’ म्हणणारे लागतेच. फ्रँकचे महत्त्व तेवढे आहे, पण ते दारानंतरचे आहे, दाराऐवजीचे नाही.

आणि येथे प्रश्न आपल्यापर्यंत येतो. आपल्याकडील गप्पांत एक गंमत मी नेहमी पाहतो. ‘हिअर’मधून ट्रिनिटीत गेलेल्या नीलस्टाउनच्या मुलीचे कौतुक करताना आपण तोंडभर बोलतो. तोच विषय पुण्या-मुंबईच्या प्रवेशांवर आला की त्याच तोंडून ‘गुणवत्तेचे काय?’ असे निघते. तत्त्व एकच. फरक इतकाच की, येथे आपली जागा जात नाही असे आपल्याला वाटते. रीटाची गोष्ट आपल्याला आवडते, कारण ती आपल्याकडे काही मागत नाही. एक हुशार मुलगी, एक सहृदय मास्तर, थोडे अश्रू. कर नाही, जागा नाही, शनिवारची सकाळ नाही.

आपल्या मंडळात इंजिनिअर, डॉक्टर, हिशेबनीस भरपूर आहेत. आपल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घरोघरी चालतातच. गुणांच्या शर्यतीत ती पुढे जावीत यात गैर काही नाही. पण त्याच रस्त्यावरच्या शेजाऱ्याच्या मुलाला अर्ज भरायला, गणिताचा पेपर सोडवायला, नोकरीच्या जगाची ओळख करून घ्यायला आपण उपयोगी पडू शकतो. स्थानिक शाळांशी बोलून, त्यांच्या नियमांत राहून महिन्यातून दोन शनिवार दिले तरी सुरुवात होईल. त्यासाठी फ्रँक होण्याची गरज नाही, शिडी धरून उभे राहणारा पुरे. ‘एज्युकेटिंग रीटा’ जरूर पाहा. पाहताना मात्र रीटा त्या खोलीत आली कशी, हा प्रश्न मनाशी ठेवा. चित्रपट त्याचे उत्तर देत नाही. ते आपल्याला द्यायचे आहे.